मटमधून मेलला उत्तर देताना: पत्ता, धागा आणि मराठी मजकूर

प्रश्न थोडक्यात असा: परभणीतल्या एका संस्थेत माती तपासणीच्या अहवालांचा पत्रव्यवहार लिनक्स सर्व्हरवरून चालतो. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड इथल्या केंद्रांतून मेल येतात आणि कर्मचारी एसएसएचने, म्हणजे दुरून लॉग-इन करून, सर्व्हरवर जाऊन मट या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या मेल-प्रोग्राममधून उत्तरं देतात. तक्रारी चार आहेत. उत्तर कधी एकालाच जातं, कधी सगळ्यांना. समोरच्याकडे ते मूळ मेलच्या खाली न लागता वेगळंच दिसतं. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि लाइट गेली की अर्धं लिहिलेलं उत्तर हातचं जातं.

आधी एक खुलासा. सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची आणि इथे जिथे खालची रेघ दिसते तिथे अंडरस्कोर ठेवायचा. फाइल म्हणजे होम डिरेक्टरीतली, टिंबाने सुरू होणारी मटआरसी. सेटिंगची ओळ 'सेट' या शब्दाने सुरू होते.

सगळ्यात आधी 'एडिट_हेडर्स' चालू करा. ते बंद असताना एडिटरमध्ये फक्त मजकूर दिसतो. पत्ता आणि विषय वर कुठेतरी विचारून झालेला असतो आणि घाईत एंटर दाबून आपण पुढे गेलेलो असतो. ते चालू केलं की 'फ्रॉम', 'टू', 'सीसी', 'सब्जेक्ट', 'इन-रिप्लाय-टू' या हेडर नावाच्या ओळी मजकुराच्या डोक्यावरच उघडतात. उत्तर लिहिताना त्या समोर राहतात आणि तिथल्या तिथे दुरुस्त करता येतात. जोडीला 'फास्ट_रिप्लाय' आणि 'ऑटोएडिट' चालू केलं तर मधले प्रश्न गळतात आणि 'आर' दाबताच थेट एडिटर उघडतो. एडिटर बंद केल्यावर पाठवण्याआधीचा पडदा तरीही येतोच, त्यामुळे मेल परस्पर निघून जाईल ही भीती नको. जपायचं ते एकच: हेडर आणि मजकूर यांच्यामधली रिकामी ओळ पुसू नका. ती गेली तर मजकुराची पहिली ओळ हेडर समजून वाचली जाऊ शकते आणि पत्रातून गायब होऊ शकते.

आता कोणाला जातं ते. मटमध्ये उत्तराच्या तीन कळा आहेत. लहान 'आर' दाबला की उत्तर फक्त पाठवणाऱ्याला जातं. लहान 'जी' दाबला की पाठवणारा 'टू'मध्ये येतो आणि मूळ मेलच्या 'टू' व 'सीसी'तले बाकी सगळे 'सीसी'त येतात. शिफ्ट धरून मोठा 'एल' दाबला की उत्तर मेलिंग लिस्टला (अनेकांचा मिळून एक पत्ता) जातं, पण मटला ती लिस्ट माहीत असेल तरच. त्यासाठी मटआरसीमध्ये 'लिस्ट्स' किंवा 'सबस्क्राइब' लिहून पुढे लिस्टचा पत्ता द्यावा लागतो, नाहीतर एकही मेलिंग लिस्ट सापडली नाही असा संदेश येतो. ('सबस्क्राइब' लिहिलं की आपण त्या लिस्टचे सभासद आहोत हेही मट धरून चालतं, आणि पुढची उत्तरं कुठे यावीत याचं एक हेडर स्वतःहून जोडतं.)

'आर' दाबूनही उत्तर सगळ्यांना गेलं असेल तर मूळ मेलचं 'रिप्लाय-टू' हेडर बघा. काही लिस्टा तिथे स्वतःचाच पत्ता घालतात. मग मटच्या लेखी उत्तर 'पाठवणाऱ्याला'च जातं, पण तो पत्ता साऱ्या केंद्रांचा असतो. असं हेडर दिसलं की मट विचारतं, या पत्त्यावर उत्तर देऊ का, आणि डीफॉल्ट उत्तर 'हो' असतं. एंटर मारण्याची सवय इथेच नडते. 'इग्नोर_लिस्ट_रिप्लाय_टू' चालू केलं तर ओळखीच्या लिस्टांपुरतं हे हेडर बाजूला ठेवलं जातं. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, मोबाइल असा तपशील उत्तरात असेल तर हे सेटिंग हवंच. मला विचाराल तर हाताला सवय 'आर'ची लावा आणि 'जी' ठरवून दाबा. एकाला गेलेलं उत्तर बाकीच्यांना नंतर पाठवता येतं, सगळ्यांना गेलेलं परत बोलावता येत नाही.

ज्यांचा हात मेलएक्स या जुन्या मेल-प्रोग्रामवर बसला आहे त्यांनी इथे फार सावध राहावं, कारण तिथे कळा उलट्या आहेत. मेलएक्समध्ये लहान 'आर' म्हणजे सगळ्यांना आणि मोठा 'आर' म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातच तसं लिहिलेलं आहे. 'फ्लिपआर' सेट केलं की अर्थ अदलाबदल होतात. एकाच ऑफिसात दोन्ही प्रोग्राम वापरात असतील तर सर्व्हरच्या सामाईक मेलआरसी फाइलमध्ये 'फ्लिपआर' टाकून सगळ्यांचा लहान 'आर' एकसारखा करून घ्या.

'जी' दाबल्यावर स्वतःचाच पत्ता 'सीसी'त येत असेल तर तो पत्ता तुमचा आहे हे मटला सांगितलेलं नाही. 'अल्टरनेट्स' या आज्ञेपुढे तुमचे सगळे पत्ते द्या: वैयक्तिक, विभागाचा, जुना. त्याच्याच आधारावर 'रिव्हर्स_नेम' काम करतं. ते चालू असलं की विभागाच्या पत्त्यावर आलेल्या मेलला उत्तर विभागाच्याच पत्त्यावरून निघतं. हे नसल्यामुळे प्रयोगशाळेला लिहिलेल्या पत्राला एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाने उत्तर जातं, आणि मग तो कर्मचारी बदलून गेल्यावरही केंद्रं त्यालाच लिहीत राहतात.

धागा, म्हणजे मूळ मेल आणि त्याखाली लागणारी उत्तरं, तुटण्याची तक्रार नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचं कारण पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दिसतच नाही. प्रत्येक मेलला 'मेसेज-आयडी' नावाचा स्वतःचा क्रमांक असतो. उत्तरात तो 'इन-रिप्लाय-टू'मध्ये येतो आणि मागच्या साऱ्या साखळीचे क्रमांक 'रेफरन्सेस'मध्ये. समोरचा प्रोग्राम या दोन हेडरवरूनच कोणतं पत्र कोणाखाली लावायचं ते ठरवतो. 'एम' दाबून नवा मेल उघडायचा, विषय चिकटवायचा आणि सुरुवातीला 'रिइ:' टाकायचं, असं केलं तर ही दोन्ही हेडर नसतात. ते उत्तरासारखं दिसतं, पण तांत्रिकदृष्ट्या नवं पत्र असतं.

मग ते आपल्याकडे जोडलेलं का दिसतं? 'सॉर्ट' हे 'थ्रेड्स'वर असताना, हेडर नसलं तरी सारख्या विषयाचे मेल मट अंदाजाने एकत्र लावतं. अशा अंदाजाच्या जोडणीला झाडाच्या रेषेत फुलीसारखी चांदणी असते. खऱ्या जोडणीला ती नसते. 'स्ट्रिक्ट_थ्रेड्स' चालू करा, अंदाज बंद होतो आणि खरं काय ते लगेच दिसतं. निदानासाठी याहून सोपा उपाय नाही. फुटलेला धागा आपल्या पेटीत जोडायचा असेल तर सुटं पत्र 'टी'ने खुणावून मूळ पत्रावर या आणि अँपरसँडची कळ दाबा. चुकीचा जोडलेला तोडायला हॅशची कळ आहे. हे फक्त आपल्याच पेटीत होतं, गंगाखेडच्या पेटीत काही बदलत नाही.

उलटा त्रासही तितकाच होतो. पत्ता शोधायचा कंटाळा म्हणून मागच्या महिन्याचं पत्र उघडून 'आर' दाबायचं, विषय बदलायचा आणि नवीनच काम लिहायचं. समोरच्याकडे ते जुन्या धाग्याच्या पोटात जाऊन पडतं आणि कोणी वाचत नाही. असं करायचंच असेल तर एडिटरमधली 'इन-रिप्लाय-टू'ची ओळ पुसून टाका. ती पुसली की मट 'रेफरन्सेस'ही घालत नाही आणि पत्र खरोखर नवं होतं. केंद्रं जीमेल वापरत असतील तर आणखी एक लक्षात ठेवा: जीमेल हेडरसोबत विषयही पाहतं. हेडर बरोबर असली तरी विषय बदलला की तिकडे नवं संभाषण सुरू होतं. म्हणून चालू धाग्यात विषयाची चूक दुरुस्त करण्याचा मोह टाळा. 'रिइ:'च्या जागी 'उत्तर:' असंही लिहू नका. प्रोग्राम ते ओळखत नाहीत, प्रत्येक फेरीत पुढे आणखी एक 'रिइ:' लागतो आणि विषय लांबत जातो.

आता मराठी. मटमध्ये मराठीसाठी वेगळं काही बसवावं लागत नाही, पण खालचं लोकेल, म्हणजे सर्व्हरचं भाषा आणि अक्षरसंकेतांचं सेटिंग, यूटीएफ-८ (युनिकोड लिहिण्याची रीत) असावं लागतं. सर्व्हरवर 'लोकेल चारमॅप' ही आज्ञा चालवा. उत्तर यूटीएफ-८ आलं नाही तर दोष तिथेच आहे. विंडोजवरून पुट्टी या एसएसएच-प्रोग्रामने जाणाऱ्यांना हे हमखास होतं, कारण सर्व्हरला भाषेचं सेटिंग मिळतच नाही. 'लोकेल'ला ए हा पर्याय देऊन उपलब्ध नावांची यादी बघा आणि त्यात दिसतं तेच नाव बॅशआरसी या शेलच्या सेटिंग-फाइलमध्ये 'लँग'ला द्या. सी.यूटीएफ-८ बहुतेक ठिकाणी तयार असतं. पुट्टीत 'विंडो'खाली 'ट्रान्सलेशन'मध्येही यूटीएफ-८ निवडलेलं हवं. मटआरसीमध्ये कोणी हाताने 'चारसेट' (अक्षरसंकेत) लिहून ठेवलं असेल तर ती ओळ काढा, लोकेलवरून मट ते स्वतः ठरवतं. 'सेंड_चारसेट'लाही हात लावू नका. त्याचं मूळ मूल्य आधी साधं इंग्रजी, मग युरोपीय, मग यूटीएफ-८ असं चढत जातं आणि मराठी आपोआप शेवटच्यात बसतं.

लोकेल चुकीचं असताना उत्तर दिलं तर दोन वेगळी नुकसानं होतात. तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर 'अननोन-८बिट' असा शिक्का बसतो आणि तो कसा वाचायचा हे समोरच्या प्रोग्रामला अंदाजाने ठरवावं लागतं. तुम्ही उद्धृत केलेल्या मूळ मजकुरात मात्र अक्षरांच्या जागी खरीखुरी प्रश्नचिन्हं भरली जातात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. म्हणून आधी लोकेल, मग उत्तर. पडद्यावर ३४०, २४४, २५६ असे तिरक्या रेघांचे आकडे दिसले तर ते 'म' हे अक्षर आहे. त्याचे तीन बाइट अष्टमान पद्धतीत तसेच दिसतात. असे आकडे एकाच मेलमध्ये असतील आणि बाकीचे मेल ठीक दिसत असतील, तर पाठवणाऱ्याने चारसेट सांगितलेला नाही. त्या मेलवर कंट्रोल-ई दाबून चारसेट यूटीएफ-८ करा आणि त्यानंतरच 'आर' दाबा. उद्धरण नीट येतं.

तिसरा प्रकार आपल्या भागात अजून भेटतो. मेल इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारखा दिसतो, प्रश्नचिन्ह एकही नसतं. तो सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असतो. त्याला कोणतंही चारसेट लागू पडत नाही, कारण आत मराठी अक्षरांचे संकेत नसतातच. फॉन्टपुरतं सोंग असतं. तो परिवर्तकातून काढावा लागतो. त्याहून बरं म्हणजे केंद्राला युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करायला सांगा.

टर्मिनलमध्ये वेलांटी सरकलेली, जोडाक्षर फुटलेलं दिसतं ते मात्र फक्त दिसण्यापुरतं असतं. टर्मिनल चौकटींत विचार करतं आणि देवनागरी त्यात नीट मावत नाही. पाठवलेला मेल बरोबरच असतो. डोळ्यांना त्रास होत असेल तर एमएलटर्म किंवा कॉन्सोल वापरून बघा. मट स्वतःच्या संगणकावर चालवत असाल तर एडिटर म्हणून जीव्हिमही देता येतो, पण त्याला एफ हा पर्याय जोडायलाच हवा. तो नसला तर जीव्हिम मागे वेगळा सुरू होतो, मटला वाटतं लिहून झालं, आणि काहीच न बदलल्यामुळे मेल रद्द केला असा संदेश येतो.

विषय मराठीत लिहायला हरकत नाही. हेडरमध्ये तो बेस-६४ तुकड्यांनी जातो. एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते. आवरणाची १२ वजा केली की ६३ उरतात. बेस-६४ दर तीन बाइटची चार अक्षरं करतं, म्हणून त्यात ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं बसतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. मट अक्षर मधोमध कापत नाही, पण हाताने जुळवलेल्या स्क्रिप्टा आणि काही जुने प्रोग्राम कापतात, आणि मग अधेमधे चौकोन दिसतात. नमुना क्रमांक विषयाच्या अगदी सुरुवातीला ठेवा. पुढचं काही बिघडलं तरी पत्र ओळखता येतं.

मजकुराच्या ओळी ७२ स्तंभांना तोडा. व्हिम हा एडिटर मेलच्या फाइलला हे आपोआप करतो. पूर्ण परिच्छेद एकाच ओळीत ठेवला तर मराठीत मर्यादा लवकर गाठली जाते. मानकाची कमाल ओळ ९९८ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे जेमतेम ३३२ चिन्हं. त्याच्या आसपास गेलं की मट मजकूर कोटेड-प्रिंटेबल या साध्या अक्षरांच्या रूपात बदलतं आणि एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात.

उद्धरण किती ठेवायचं यावर माझं मत ठाम आहे: ज्याला उत्तर देताय तेवढ्याच ओळी ठेवा आणि उत्तर त्यांच्या खाली लिहा. केंद्राने पाच नमुन्यांबद्दल पाच प्रश्न विचारले असतील तर प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर. वर एकगठ्ठा 'होय, दुसऱ्याचा सामू पुन्हा तपासा' असं लिहिलं तर दुसरा म्हणजे कोणता, हे शोधायला सेलूच्या माणसाला खाली जावं लागतं. मात्र ज्या ऑफिसात मेल छापून फाइलला लावतात तिथे संदर्भाची ओळ, म्हणजे जावक क्रमांक आणि दिनांक, कधीच पुसू नका. समोरच्याची सही आणि खालच्या सूचना मात्र काढा, मट त्या स्वतः काढत नाही. आपली सही दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे एक रिकामी जागा अशा ओळीखाली असते. ती शेवटची जागा एडिटरने कापली तर समोरच्या प्रोग्रामला सही ओळखता येत नाही.

उद्धरणावरची 'अमुक यांनी लिहिले' ही ओळ 'ॲट्रिब्यूशन'मध्ये मराठीत लिहिता येते. टक्क्यापुढे एन म्हणजे नाव, टक्क्यापुढे डी म्हणजे तारीख. महिना मराठीत हवा असेल तर 'ॲट्रिब्यूशन_लोकेल'ला मराठी लोकेल द्या. ते सर्व्हरवर तयार असावं लागतं.

उद्धरणात एचटीएमएलचे कंस येत असतील तर मूळ मेलमध्ये साधा मजकूर नाही. 'ऑटो_व्ह्यू' या आज्ञेपुढे टेक्स्ट/एचटीएमएल द्या आणि मेलकॅप फाइलमध्ये डब्ल्यूथ्रीएम या मजकुरी ब्राउझरची डम्प करणारी ओळ लिहा, शेवटी 'कोपियसआउटपुट' हा शब्द असलेली. मग उत्तरातही वाचता येणारा मजकूर येतो. त्या ओळीत मेलचा चारसेट आय या पर्यायाने डब्ल्यूथ्रीएमला पोचवा, नाहीतर इंग्रजी नीट आणि मराठी विस्कटलेलं दिसेल.

लाइट आणि नेटचा प्रश्न. सर्व्हरवर मट नेहमी टीमक्सच्या आत उघडा. तुमच्याकडची लाइट किंवा नेट गेलं तरी सर्व्हरवर एडिटर उघडाच राहतो. पुन्हा लॉग-इन करून टीमक्सला जोडून घ्या, ओळ सोडली तिथेच कर्सर असेल. सर्व्हरही भारनियमनाच्या टप्प्यात येत असेल तर 'टीएमपीडीर' होम डिरेक्टरीतल्या एका फोल्डरवर न्या. मूळ जागा टीएमपी आहे आणि अनेक यंत्रणांवर ती मशीन सुरू होताना रिकामी होते, त्यात व्हिमची स्वॅप फाइलही जाते. होममध्ये असली तर व्हिमला आर पर्याय देऊन अर्धं पत्र परत काढता येतं. पत्र ठरवून बाजूला ठेवायचं तर पाठवण्याच्या पडद्यावर मोठा 'पी', पुन्हा उचलायला यादीत मोठा 'आर'. धाग्याची हेडर त्यात टिकून राहतात.

नेट दिवसातून दोन-चार तासच धड चालत असेल तर आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरच्या पेटीत, थेट काम करू नका. एमबीसिंकने मेल स्थानिक मेलडिर फोल्डरमध्ये उतरवा, उत्तरं निवांत लिहा, आणि 'सेंडमेल' या सेटिंगला एमएसएमटीपी या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामसोबत येणारी एमएसएमटीपीक्यू ही स्क्रिप्ट द्या. ती नेट नसताना पत्र रांगेत ठेवते. नेट आल्यावर एमएसएमटीपी-क्यू (इथे 'क्यू' हा रांग अर्थाचा पूर्ण इंग्रजी शब्द, नुसतं अक्षर नाही) आर पर्यायाने चालवली की रांग रिकामी होते. दोन खोड्या आहेत. 'एसएमटीपी_यूआरएल' लिहिलेलं असेल तर मट 'सेंडमेल'कडे बघतच नाही, ती ओळ काढावी लागते. आणि पासवर्ड असलेल्या एमएसएमटीपीच्या फाइलची परवानगी ६०० हवी, नाहीतर एमएसएमटीपी काम नाकारतो. जीमेलमधून पाठवत असाल तर 'रेकॉर्ड' बंद ठेवा, जीमेल प्रत स्वतः ठेवतं आणि पाठवलेल्यांत प्रत्येक पत्र दोनदा दिसू लागतं.

'सोबत अहवाल जोडला आहे' असं लिहून अहवाल न जोडता पाठवणं रोखायला 'अबॉर्ट_नोअटॅच' आहे. त्याच्या जोडीच्या रेगेक्स (शोधायच्या शब्दांच्या) सेटिंगमध्ये मुळात फक्त इंग्रजी शब्द असतो, तिथे 'सोबत', 'जोडल', 'सहपत्र' हे उभ्या रेघेने वेगळे करून घाला. 'जोडल' एवढंच लिहिलं की जोडला, जोडले, जोडली तिन्ही पकडले जातात. मूळ मेलच्या फायली उत्तरासोबत जात नाहीत. त्या परत पाठवायच्या तर 'एफ'ने फॉरवर्ड करा.

सारख्याच प्रश्नाचे पाच-सहा मेल आले असतील तर 'टी'ने खुणावून अर्धविरामाची कळ आणि मग 'आर' दाबा. सगळ्यांना मिळून एकच उत्तर तयार होतं, पण सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतात. ते नको असेल तर एडिटरमध्येच ते 'बीसीसी'त हलवा. उद्धरणात सगळ्यांचा मजकूर एकामागोमाग आलेला असतो, तोही छाटा.

ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमधल्या स्क्रिप्टमधून धाग्यात उत्तर घालायचं असेल तर मटला ई पर्यायाने 'माय_एचडीआर'ची आज्ञा द्या आणि तिच्यात 'इन-रिप्लाय-टू'पुढे मूळ मेसेज-आयडी टोकदार कंसासकट लिहा. मेलएक्सने करायचं झालं तर आधी कोणता मेलएक्स बसवला आहे ते बघा. बीएसडीच्या आणि ग्नू मेलयुटिल्सच्या आवृत्तीत लहान ए पर्याय हेडर जोडतो, हेअरलूम आणि एस-नेलमध्ये तोच पर्याय फाइल जोडतो. चुकीच्या ठिकाणी वापरला तर 'इन-रिप्लाय-टू' नावाची फाइल सापडत नाही म्हणून स्क्रिप्ट थांबते, आणि क्रॉनचे संदेश कोणी वाचत नसेल तर उत्तर गेलंच नाही हे कळायला केंद्राचा फोन यावा लागतो. म्हणून अशा स्क्रिप्टच्या क्रॉनटॅबमध्ये 'मेलटू'ला रोज उघडला जाणारा पत्ता लिहा.